लग्नाशिवायची पत्रिका : अभ्यासात आणि संशोधनात एआयची मदत घेताना

मार्च २०२४ मध्ये एका शोधनिबंधाचं पहिलं वाक्य जगभर फिरलं. विषय लिथियम बॅटरीचा, जर्नल 'सरफेसेस अँड इंटरफेसेस', प्रकाशक एल्सेव्हियर, आणि प्रस्तावनेची सुरुवात साधारण अशी : 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना.' उत्तर देण्याआधी चॅटबॉट जी नम्र खाकरणी करतो, ती तशीच्या तशी छापून आली होती. अनेक लेखक, समीक्षक, संपादक अशा सगळ्यांच्या हातांतून निबंध गेला आणि पहिलं वाक्य कुणालाच खटकलं नाही. पुढे तो मागे घेण्यात आला.

हसण्यासारखं प्रकरण आहे खरं, पण त्यातली चूक नेमकी कोणती? यंत्राची मदत घेतली, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा, की ज्यांची नावं वर छापली होती त्यांनी खालचा मजकूर वाचलाच नव्हता. शाळेतल्या प्रकल्पापासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत एआयबद्दल जे नियम आज केले जात आहेत, ते वरवर पाहता किचकट वाटतात. बहुतेकांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे : मजकूर कुणीही लिहो, सही ज्याची त्यानं जाब द्यायचा. आणि यंत्राला सही करता येत नाही.

## यंत्र 'लिहितं' म्हणजे काय करतं?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यानंतर आलेली जेमिनाय, क्लॉड ही साधनंही त्याच जातीची. यांच्या पोटात असतं ते 'भाषा-मॉडेल', म्हणजे अफाट मजकूर चाळून 'या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता किती' एवढं शिकलेली गणिती यंत्रणा. ती अख्खे शब्द मोजत नाही, शब्दांचे तुकडे मोजते; अशा तुकड्याला 'टोकन' म्हणतात. एक टोकन निवडायचं, मजकुराला जोडायचं, वाढलेला मजकूर पुन्हा पाहायचा, पुढचं टोकन निवडायचं. उत्तर संपेपर्यंत हेच चालतं. निवडीत थोडा नशिबाचा भाग मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तरं दोन येतात.

समजा, एखाद्यानं आयुष्यात लाखभर लग्नपत्रिका वाचल्या आहेत. त्याला म्हटलं, एक पत्रिका लिही. तो झटक्यात लिहील. वधूवरांची नावं अगदी खरी वाटतील, तिथी-वार जुळतील, सभागृहाचा पत्ताही पटेल, खाली आप्तेष्टांची यादीही असेल. फक्त ते लग्न कुठे नसेल. त्यानं खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. पत्रिका कशी दिसते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मागणी पत्रिकेचीच होती.

मॉडेल बरोबर उत्तरं देतं तेव्हाही प्रक्रिया हीच असते. जी गोष्ट हजारो ठिकाणी सारखीच लिहिली गेली आहे, ती बरोबर येण्याची शक्यता मोठी. पाण्याचा रेणू कशाचा बनतो हे ते चुकणार नाही. पण एखाद्या कमी अभ्यासलेल्या विषयावरच्या जुन्या पाहणीत नमुन्याची संख्या किती होती, असं विचारलं की जमीन भुसभुशीत होते. अडचण अशी, की पायाखालची जमीन बदलली तरी आवाज बदलत नाही. माहीत असलेलं आणि जुळवलेलं, दोन्ही त्याच ठाम सुरात येतं. माणूस अडखळला की आपण सावध होतो. इथे अडखळणंच नाही.

## संदर्भयादी : जिथे सगळ्यात जास्त लोक पडतात

शोधनिबंधाचा संदर्भ म्हणजे पत्रिकाच की. आडनाव, वर्ष, शीर्षक, जर्नल, खंड, पानं : ठरलेल्या चौकटी, ठरलेला क्रम. म्हणूनच मॉडेलला संदर्भ 'जुळवणं' फार सोपं जातं. 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या जर्नलमध्ये २०२३ साली आलेल्या एका अभ्यासात ४२ विषयांवर यंत्राकडून छोटे निबंध लिहवून घेतले आणि त्यांतले संदर्भ एकेक करून तपासले. चॅटजीपीटीमागच्या दोन मॉडेलांपैकी जुन्या जीपीटी-३.५ने दिलेल्यांपैकी ५५ टक्के आणि नंतरच्या जीपीटी-४ने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. जे अस्तित्वात होते त्यांतल्याही बऱ्याच संदर्भांत वर्ष, खंड, पानं असं काहीतरी चुकलेलं होतं. पुढच्या आवृत्त्या सुधारल्या आहेत, पण चूक शून्यावर आलेली नाही. आणि वीसपैकी एकच संदर्भ बनावट असला तरी परीक्षकाचा उरलेल्या एकोणिसांवरचा विश्वास उडतो.

२०२३ मध्येच न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयात वकिलांनी सादर केलेल्या कागदपत्रांत असेच काल्पनिक निवाडे निघाले आणि न्यायालयानं ५,००० डॉलरचा दंड केला. त्यातला शिकण्यासारखा तपशील दंडाचा नव्हे. 'हा निवाडा खरा आहे ना?' असं चॅटबॉटला विचारलं गेलं होतं, आणि त्यानं 'हो' म्हटलं होतं. यंत्राला स्वतःच्याच उत्तराबद्दल विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. पत्रिका लिहिणाऱ्यालाच 'लग्न नक्की आहे ना?' विचारण्यासारखं ते आहे.

मग तपासायचं कसं? संदर्भाला डीओआय दिलेला असेल, तर तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकून पाहा. डीओआय म्हणजे आजकाल बहुतेक प्रकाशित शोधनिबंधांना मिळणारा कायमचा क्रमांक. पान उघडलं एवढ्यावर थांबू नका. बनावट संदर्भात पुष्कळदा क्रमांक खरा असतो, पण तो भलत्याच लेखाचा असतो; म्हणून उघडलेल्या पानावरचं शीर्षक अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघायचं. डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधण्याच्या सोयीत, शोधा. तिथेही सापडलं नाही तर त्या जर्नलच्या संकेतस्थळावर जाऊन त्या खंडाची अनुक्रमणिकाच उघडा. लेखक खरे, जर्नल खरं, त्या लेखकांनी त्या विषयावर लिहिलेलंही आहे, फक्त हा लेख त्यांनी कधी लिहिलेला नाही, ही बनावटीची सगळ्यात फसवी तऱ्हा असते.

एक सापळा आणखी आहे. गूगल स्कॉलरवर नुसतं नाव दिसलं तर ते पुरेसं नाही. एखादा खोटा संदर्भ दोन-तीन निबंधांत छापला गेला की तो तिथे नोंद म्हणून उगवू शकतो, पण त्याला लेखाचं पान नसतं. मूळ लेख डोळ्यांनी दिसेपर्यंत संदर्भ खरा धरू नये.

लेख सापडला, तर तो मागे घेतला गेलेला नाही ना, हेही बघून घ्या. अशा लेखाच्या पानावर प्रकाशक तशी सूचना लावतात. आणि शेवटी सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम : लेख उघडून, तुम्ही ज्या वाक्यासाठी तो संदर्भ देत आहात ते त्यात खरंच म्हटलंय का, हे शोधणं.

## 'पण आता ही साधनं इंटरनेटवर शोधून, दुवे देऊन उत्तर देतात की!'

देतात, आणि त्यामुळे अस्तित्वातच नसलेले लेख येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. अशा साधनात आधी शोध होतो, सापडलेली पानं मॉडेलपुढे ठेवली जातात आणि मॉडेल त्यावरून उत्तर लिहितं. तरी उत्तर लिहिण्याची पद्धत तीच राहते : पुढचं टोकन कोणतं? त्यामुळे चूक जागा बदलते. दुवा खरा असतो, पण त्या दुव्यावर ते विधान नसतं, किंवा असतं ते जरा वेगळं. ही चूक बनावट संदर्भापेक्षा पकडायला अवघड, कारण दुवा उघडला की आपलं समाधान होतं.

सारांशात तर एक ठरावीक घसरण दिसते. मूळ निबंध म्हणतो, 'या ४० रुग्णांमध्ये औषधानंतर लक्षणं कमी झाल्याचं दिसलं.' सारांश म्हणतो, 'हे औषध लक्षणं कमी करतं.' आकडा गेला, भूतकाळ गेला, 'दिसलं' गेलं. उरला तो सिद्धान्त. रॉयल सोसायटीच्या एका खुल्या जर्नलमध्ये २०२५ साली आलेल्या अभ्यासात १० मॉडेल्सचे ४,९०० सारांश तपासले होते. माणसांनी लिहिलेल्या सारांशांच्या तुलनेत मॉडेल्सच्या सारांशांत असं वाजवीपेक्षा व्यापक विधान येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती.

म्हणून सारांशाचा उपयोग हा लेख पूर्ण वाचावा की नाही, हे ठरवण्यापुरता ठेवावा. ज्या लेखाचा आधार घेऊन तुम्ही काही म्हणणार आहात, त्याची निदान कार्यपद्धती, निष्कर्षाचे तक्ते आणि 'मर्यादा' हा भाग स्वतः वाचायलाच हवा. मर्यादांचा परिच्छेद सारांशात सगळ्यात आधी गळतो.

## कोणतं काम यंत्राला द्यायचं?

इथे 'वापरावं की वापरू नये' असा सरसकट प्रश्न निरुपयोगी आहे. विचारायचं ते हे : हे काम मला नेमकं कशासाठी दिलं गेलं आहे? संदर्भयादी एका शैलीतून दुसऱ्या शैलीत बदलणं हे शिकण्याचं काम नाही. ते यंत्राला द्या आणि तपासून घ्या. पण 'या दोन सिद्धान्तांची तुलना करा' हा प्रश्न तुलना मिळवण्यासाठी विचारलेलाच नसतो. शिक्षकांकडे ती तुलना आधीच असते. तुम्ही ती करताना तुमच्या डोक्यात जे घडेल, त्यासाठी तो प्रश्न असतो.

सायकल शिकताना मागून कुणीतरी सीट धरतं, ती मदत. आपण कॅरिअरवर बसलो आणि दुसरा चालवू लागला, की तीही सायकलफेरीच, कदाचित जास्त वेगाची. पण शिकणं तिथे संपतं. हा फरक मोजलाही गेला आहे. तुर्कस्तानातल्या शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावाचा एक प्रयोग झाला. तो २०२५ साली पीएनएएस या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचा चॅटबॉट दिला, काहींना उत्तर न सांगता फक्त इशारे देणारा चॅटबॉट दिला, काहींना काहीच नाही. सरावात पहिल्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटवाल्यांनी, काहीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्के कमी कामगिरी केली. इशारे घेणाऱ्यांचं असं नुकसान दिसलं नाही. साधन एकाच मॉडेलवर चालणारं, सूचना वेगळ्या, परिणामही वेगळे.

तेव्हा सूचनाच अशी द्या, की यंत्र कॅरिअरवर बसवून घेणार नाही. 'निबंध लिहून दे' याऐवजी : 'हा माझा युक्तिवाद. यातले कच्चे दुवे दाखव, पण दुरुस्त करून देऊ नकोस.' किंवा : 'कडक परीक्षक म्हणून मला या प्रकरणावर पाच प्रश्न विचार, एका वेळी एकच, आणि मी उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.' एखादी संकल्पना समजत नसेल तर आधी तुम्हाला जेवढी समजली तेवढी लिहा आणि 'यात कुठे चुकलोय' विचारा. मिळालेलं उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहायचं, हे ओघानं आलंच. पहिला खर्डा मात्र स्वतःचाच असावा, मग तो कितीही ओबडधोबड असो. यंत्राचा गुळगुळीत खर्डा एकदा डोळ्यांसमोर आला की आपला विचार त्याच्याच रुळांवरून धावायला लागतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

संगणकाचा कोड किंवा संख्याशास्त्राचं सूत्र घेतलं असेल तर कसोटी सोपी आहे : ज्याचं उत्तर हातानं काढता येतं असा छोटा नमुना आधी चालवून बघा.

## भाषा सुधारून घेताना काय बिघडतं

परभाषेत निबंध लिहावा लागणाऱ्यांना या साधनांचा सगळ्यात न्याय्य उपयोग इथेच आहे. आणि सगळ्यात नकळत होणारं नुकसानही इथेच. 'सफाई' करताना यंत्र अर्थाला हात लावतं. तुम्ही 'संबंध आढळला' लिहिलेलं असतं, ते 'परिणाम होतो' करतं. 'कदाचित' गाळतं, कारण वाक्य त्याशिवाय ठसठशीत वाटतं. इंग्रजीत 'सिग्निफिकंट' हा संख्याशास्त्रातला पारिभाषिक शब्द आहे. त्याच्या जागी 'महत्त्वाचा' किंवा 'मोठा' अर्थाचा शब्द घातला की विधानच बदलतं. तीच संज्ञा तीनदा आली म्हणून तिचे तीन प्रतिशब्द केले, तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

शब्द फिरवून देणाऱ्या जुन्या साधनांनी तर याची हद्दच केली होती. २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापील निबंधांतून असे 'छळलेले वाक्प्रयोग' गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे नकली जाणीव. साम्य-तपासणी, म्हणजे दुसरीकडून उचललेला मजकूर पकडणारी तपासणी, चुकवण्यासाठी केलेली फिरवाफिरव स्वतःच पुरावा होऊन बसली.

पद्धत अशी ठेवावी. एका वेळी एकच परिच्छेद द्यायचा. अख्खं प्रकरण दिलं तर मधला मजकूर गुपचूप आखडतो. 'सुधारून लिही' म्हणण्याऐवजी 'चुका क्रमांकानं सांग, प्रत्येकीचं कारण दे, संज्ञा आणि आकडे बदलू नकोस' असं सांगायचं. नव्यानं लिहिलेला परिच्छेद आलाच, तर वर्डमधल्या 'कंपेअर'सारख्या सोयीनं जुना-नवा समोरासमोर ठेवून फरक पाहायचे. नजर चार ठिकाणी हवी : आकडे, नकार, 'कदाचित-बहुधा'सारखे शब्द आणि पारिभाषिक संज्ञा. जो बदल का केला हे तुम्हाला सांगता येत नाही, तो स्वीकारू नका. मराठी मजकूर सुधारून घेताना आणखी एक गोष्ट जाणवेल : वाक्यं व्याकरणशुद्ध येतात, पण त्यांचा सांगाडा इंग्रजी असतो. मोठ्यानं वाचून पाहिलं की कान लगेच सांगतो.

## सांगायचं कुठे आणि किती?

२०२३ च्या सुरुवातीला काही निबंधांवर चॅटजीपीटीचं नाव चक्क सहलेखक म्हणून झळकलं होतं. त्यावर उत्तर लवकर आलं. 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलनं जानेवारीत, प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या 'कोप' या संस्थेनं फेब्रुवारीत आणि वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं मे महिन्यात सांगून टाकलं, की एआय लेखक होऊ शकत नाही. कारण तेच, सहीचं : मजकुराच्या अचूकतेची आणि सचोटीची जबाबदारी यंत्र घेऊ शकत नाही. वापर मात्र उघड करावा. या समितीच्या मते लेखनासाठी घेतलेली मदत ऋणनिर्देशात नोंदवायची. विदेच्या (डेटाच्या) विश्लेषणासाठी किंवा आकृत्यांसाठी घेतली असेल तर कार्यपद्धतीच्या भागात. एल्सेव्हियरला संदर्भयादीच्या वर वेगळं निवेदन लागतं. स्प्रिंगर नेचर या दुसऱ्या प्रकाशकाला निव्वळ भाषिक दुरुस्ती जाहीर करण्याची गरज वाटत नाही. नियम असे वेगवेगळे आहेत आणि बदलतातही. म्हणून सादर करण्याच्या दिवशी त्या जर्नलचं किंवा विभागाचं पान पुन्हा उघडून बघावं. नियम लेखी नसेल तर शिक्षकांना किंवा मार्गदर्शकांना ईमेलनं विचारावं. तोंडी 'चालेल' पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

'या लेखनात एआयचा वापर केला आहे' हे निवेदन काहीच सांगत नाही. उपयोगी निवेदन साधारण असं असतं :

'दुसऱ्या प्रकरणाच्या भाषिक दुरुस्तीसाठी आणि प्रश्नावलीची भाषा सोपी करण्यासाठी मी अमुक साधनाची अमुक आवृत्ती मार्च ते मे या काळात वापरली. सुचवलेला प्रत्येक बदल मी तपासून स्वीकारला किंवा नाकारला. संदर्भ शोधणं, विश्लेषण आणि निष्कर्ष यांसाठी साधन वापरलेलं नाही. मजकुराची जबाबदारी माझी आहे.'

साधन कोणतं, कशासाठी, कुठे, कधी, कुणी तपासलं, आणि कुठे वापरलं नाही, एवढं आलं की पुरे. हे शेवटच्या रात्री आठवून लिहिता येत नाही. सुरुवातीपासून एका फाइलमध्ये तारीख, साधन, दिलेली सूचना आणि उत्तराचं काय केलं अशा चार रकान्यांची नोंद ठेवली, तर निवेदन दहा मिनिटांत होतं.

यंत्राच्या उत्तराचा 'संदर्भ' द्यावा का? एखाद्या तथ्यासाठी देऊ नये. तिथे मूळ स्रोतच हवा. तुम्ही यंत्राच्या उत्तरांचाच अभ्यास करत असाल तेव्हा द्यावा लागतो. त्यातही संदर्भ लिहिण्याच्या शैली वेगवेगळ्या : एपीए शैली साधन बनवणाऱ्या कंपनीला लेखक धरते, तर एमएलए शैली लेखकाची जागा रिकामी ठेवून प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला दिलेली सूचनाच, शीर्षकाच्या जागी घेते. तेव्हा आपली शैली कोणती, ते आधी पाहायचं.

## 'डिटेक्टर आहेत ना? ते पकडतीलच'

हे वाक्य शिक्षक निर्धास्तपणे म्हणतात आणि विद्यार्थी घाबरून. डिटेक्टर म्हणजे मजकूर यंत्रानं लिहिला की माणसानं, हे ओळखू पाहणारं साधन. दोघांनीही ते काय मोजतं हे समजून घ्यावं. मजकुरातला पुढचा शब्द किती अपेक्षित होता आणि वाक्यांची लांबी, घडण किती सारखी आहे, यावर डिटेक्टरचा अंदाज बेतलेला असतो. फार अपेक्षित, फार सारखं, म्हणजे यंत्र. पण साधे, ठरावीक शब्द वापरून जपून लिहिणारा माणूसही तसाच दिसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टरांपुढे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध ठेवले. माणसांनीच लिहिलेल्या या निबंधांवर यंत्राचा शिक्का बसण्याचं सरासरी प्रमाण ६१ टक्के निघालं. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. गंमत म्हणजे तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीकडून 'भारदस्त' करून घेतल्यावर ते माणसानं लिहिलेले ठरू लागले!

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच जानेवारी २०२३ मध्ये एक डिटेक्टर आणला होता. त्यांच्याच चाचणीत त्यानं यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्केच पकडला आणि माणसांच्या ९ टक्के मजकुराला यंत्रलिखित ठरवलं. अचूकता कमी म्हणून जुलैत तो बंद केला. साम्य-तपासणीचं साधन बनवणाऱ्या टर्निटिन या कंपनीनं आपल्या डिटेक्टरची चूक १ टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं, तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठानं साधा गुणाकार केला : आमच्याकडून २०२२ मध्ये ७५,००० निबंध तपासले गेले, त्याचा १ टक्का म्हणजे ७५० निबंधांवर चुकीचा ठपका. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ती सोय बंद केली.

म्हणून डिटेक्टरचा आकडा हा फार तर विचारपूस करण्याचं निमित्त आहे, पुरावा नाही. साम्य-तपासणीत निदान मूळ मजकूर शेजारी दाखवता येतो. इथे दाखवायला काहीच नसतं. शिक्षकांनी दहा मिनिटं समोर बसवून 'हा संदर्भ का निवडला, हा परिच्छेद आधी कसा होता' असं विचारलं तर टक्केवारीपेक्षा पुष्कळ जास्त कळतं. विद्यार्थ्यांनी जुन्या आवृत्त्या जपून ठेवाव्यात. गूगल डॉक्समध्ये लिहिलं तर आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो. दुसरीकडे लिहीत असाल तर तारखेनिशी वेगवेगळ्या फायली ठेवा, आणि हातानं काढलेली टिपणं टाकून देऊ नका.

## जे मुळात चॅटबॉटमध्ये टाकायचंच नाही

मुलाखतींच्या नोंदी, रुग्णांची माहिती, विद्यार्थ्यांचे गुण, दुसऱ्याचा अप्रकाशित निबंध : हे चॅटबॉटमध्ये चिकटवलं की ते तुमच्या ताब्यातून एका कंपनीच्या संगणकावर गेलं. सेवा आणि सेटिंगनुसार ते साठवलं जाऊ शकतं, पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणातही जाऊ शकतं. मुलाखत देणाऱ्यानं संमती दिली होती ती तुम्हाला. नुसती नावं काढली तरी गाव, हुद्दा, वय यांच्या जुळणीवरून माणूस ओळखता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं जून २०२३ मध्ये अनुदान-अर्जांच्या समीक्षकांना अशी साधनं वापरायला मनाई केली ती याच कारणानं : गोपनीयतेचा भंग. कुणाचा निबंध समीक्षेसाठी आला असेल तर तोही तसाच सांभाळायचा.

## 'कॅल्क्युलेटर आला तेव्हाही लोक असेच ओरडले होते'

तुलना अर्धी बरोबर आहे. कॅल्क्युलेटर सात गुणिले आठ कितीही वेळा विचारा, छप्पन्नच सांगतो, आणि तो सांगतो म्हणून आपण तपासत नाही. भाषा-मॉडेलचं उत्तर बदलतं आणि तपासावं लागतं. ते तपासायला विषय यावा लागतो, म्हणजे ज्याला विषय कमी येतो त्यालाच हे साधन जास्त फसवतं. शिवाय पाढे शिकणाऱ्या मुलाच्या हातात कॅल्क्युलेटर आजही कुणी देत नाही.

'सगळेच वापरतात, मग मी सांगून गुण का घालवू?' हा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांनी द्यायला हवं. उघड सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला सूट मिळत असेल तर लोक लपवतील, यात नवल ते काय. काय चालेल आणि काय नाही हे प्रत्येक कामाच्या कागदावरच लिहिलं तर अर्धा प्रश्न सुटतो : व्याकरण तपासणं चालेल, कल्पना सुचवणं निवेदनासह चालेल, मजकूर लिहवून घेणं चालणार नाही. तरीही लपवणाऱ्यानं एक धोका लक्षात घ्यावा. तोंडी परीक्षेत स्वतःच्याच प्रबंधातल्या वाक्याचा अर्थ सांगता आला नाही, तर कुठल्याही डिटेक्टरची गरज उरत नाही.

## 'एवढं सगळं तपासायचं तर वेळ वाचला कुठे?'

हिशेब करून बघू. यंत्रानं वीस संदर्भ दिले. प्रत्येक शोधायला, उघडायला आणि विधान ताडून पाहायला पाच मिनिटं धरली, तर शंभर मिनिटं. पाच मिनिटांत जमतं ते लेख ओळखीचा असेल तेव्हाच. अनोळखी, गुंतागुंतीचा लेख असेल तर अर्धा तासही जातो. म्हणजे संदर्भ शोधून घेण्यात फारसा वेळ वाचत नाही, उलट वाढूही शकतो. वाचतो तो दुसरीकडे : संदर्भयादीची शैली बदलणं, लांबलेला गोषवारा शब्दमर्यादेत बसवणं, तक्त्यांची मांडणी, परभाषेतली शब्दयोगी अव्ययं, आणि 'माझं म्हणणं कळतंय का' हे रात्री अकरा वाजता विचारायला कुणी नसतं तेव्हा मिळणारा पहिला वाचक. या कामांत चूक झाली तरी ती तुम्हाला लगेच दिसते, कारण मूळ मजकूर तुमचा असतो. आणि वीसच्या वीस लेख तुम्ही आधी वाचून टिपणं काढली असतील, तर यंत्रानं मांडलेली यादी तपासायला शंभर मिनिटं लागत नाहीत. चहा निवायच्या आत होते.